चारी चाकांनी ओढणारी हेरल्ड

प्रेमदास ताकसांडे सोळा वर्षं पलटणीत होता. लढायला नव्हे, गाड्या दुरुस्त करायला. जबलपूर, पठाणकोट, तेजपूर, फिरून जबलपूर. तेवढ्या काळात त्याची बायको सुलोचना पुलगावातच राहिली, मास्तरकीचं ट्रेनिंग घेतलं आणि जिल्हा परिषदेच्या शाळेत लागली. दोघांचा संसार वर्षातून दोन महिने सुट्टीचा आणि दहा महिने आंतर्देशीय पत्रांचा. १९७४च्या उन्हाळ्यात प्रेमदास पेन्शन घेऊन निघाला, लोखंडी ट्रंक खांद्यावर टाकून पुलगाव स्टेशनावर उतरला, आणि त्याच महिन्यात सुलोचनाबाईंच्या हाती बदलीचा हुकूम पडला. मुक्काम पिंपळधरी.

मी लक्ष्मण, पुलगावच्या कापूस मिलमध्ये टर्नर होतो. आमची दोघांची घरं पाठीला पाठ लागून. तो हुकूम घेऊन प्रेमदास मागच्या दारानं माझ्याकडे आला आणि खाटेवर बसला.

"सोळा वर्षं मी घराबाहेर होतो," तो म्हणाला. "आता मी आलो, तं हे चालली. लक्ष्मणभाऊ, आमच्या लग्नाले रजा काऊन भेटत नाई?"

पिंपळधरी तसं दूर नव्हतं. पुलगावपासून नऊ मैल. पहिले पाच मैल आर्वीचा डांबरी रस्ता, पुढचे चार मैल शेतांमधून जाणारी कच्ची पांदण. पण ती पांदण होती काळ्या मातीची. उन्हाळ्यात तिच्यावरून सायकल जायची. पाऊस लागला की बंडी कण्यापर्यंत रुतायची, बैल गुडघ्यावर यायचे आणि माणसाच्या चपलेला अडीच शेर गारा, म्हणजे चिखल, लागायचा. मध्ये एक नाला, त्याचे काठ घसरगुंडीसारखे. आर्वीची छोटी रेल्वे होती, पण तिच्यातून उतरल्यावरही ते चार मैल तुडवावेच लागत. म्हणून मृगापासून दिवाळीपर्यंत बाई गावातच अण्णाजी पाटलांच्या ओसरीवरल्या खोलीत राहायच्या. महिन्यातून एखाद्या शनिवारी चपला हातात आणि लुगडं पोटरीपर्यंत खोचून घरी यायच्या. लेक कांता नागपूरला होस्टेलात. म्हणजे प्रेमदास पुलगावात एकटा, बाई पिंपळधरीत एकट्या, आणि मध्ये नऊ मैल.

त्यानं पहिला पावसाळा काढला. दुसऱ्या पावसाळ्याच्या आधी तो मला म्हणाला, "जीप घ्या लागते."

"मग घे ना जीप."

"नाई. जीप घेतली का संपलं. लगीन असलं का जीप मागते, मयत असली का जीप मागते, आणि इलेक्शन आलं का सरकार दारातून जीप घेऊन जाते. मले अशी गाडी पायजे का जे पाहून कोणी मागणार नाई. पण गाऱ्यात तिच्या मागं जीपही राह्यली पायजे."

मी हसलो. तो हसला नाही. त्याच्या डोक्यात सगळं आधीच झालेलं होतं.

आर्वीला एका वकिलांची हेरल्ड तीन वर्षांपासून गोठ्यात उभी होती. दोन दारांची, फिकट हिरवी, काटकसरी माणसानं घ्यावी अशी छोटी गाडी. वकील वारले होते आणि इंजिनही. त्यांच्या पत्नी शोभाबाई गाडी द्यायला कबूल झाल्या, पण एक अट घातली. मागच्या सीटवर त्यांची कोंबडी अंड्यांवर बसली होती.

"पिल्लं निघाल्याबिगर गाडी हलवू देणार नाई," त्या म्हणाल्या.

प्रेमदास दोन आठवडे थांबला. चौदाव्या दिवशी आर्वीला जाऊन कोंबडी उतरली का पाहून आला, सोळाव्या दिवशी गाडी बंडीला बांधून आणली.

आता हेरल्डच का, ते सांगतो. या गाडीचा पत्रा वेगळा आणि खालचा सांगाडा वेगळा. बोल्ट काढले की वरची पेटी चार माणसांनी उचलून बाजूला ठेवता येते. बोनेट तर मडगार्डासकट मगरीच्या जबड्यासारखं पुढं उघडतं. आणि प्रेमदासनं दोरी धरून दोन्ही चाकांमधलं अंतर मोजलं तेव्हा जीपची आणि हेरल्डची रुंदी पाव इंचाच्या फरकानं सारखी निघाली. त्या दिवशी त्यानं मला घरी बोलावून तीच दोरी तीनदा दाखवली.

स्टेशनाच्या पलीकडे ओमप्रकाश नावाचा भंगारवाला होता. तो मिलिटरीच्या लिलावातून मोडक्या जीपा आणून फोडायचा. त्याच्याकडून प्रेमदासनं महायुद्धाच्या काळातल्या एका जीपचं बुटकं इंजिन, गिअर आणि पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा तो खोका आणला. पुढचा एक एक्सल, मागचा एक एक्सल. रविवारी आणि माझी पहिली पाळी असेल तेव्हा दुपारी आम्ही दोघं त्याच्या अंगणातल्या कडुलिंबाखाली बसायचो. हेरल्ड जीपपेक्षा एक वीत लांब, म्हणून मधला फिरता दांडा लांब करावा लागला. तो मी मिलच्या लेथवर केला, फोरमनला विचारून, पाळी संपल्यावर. इंजिनाचं हेड घासून दिलं, एकाऐवजी दोन कार्बोरेटर बसले. स्टिअरिंग तर तीन वेळा बसवलं आणि तीन वेळा काढलं. दुसऱ्या वेळेला चाक उजवीकडे फिरवलं की गाडी डावीकडे वळायची.

"पलटणीत असं केलं असतं तं कोर्टमार्शल झालं असतं," प्रेमदास म्हणाला आणि पुन्हा पाना उचलला.

सुलोचनाबाई एका शनिवारी आल्या. दारात सांगाडा, लिंबाच्या बुंध्याला टेकवलेली हिरवी पेटी, अंगणभर नट. त्यांनी सगळं पाहिलं आणि विचारलं, "अजी, ही गाडी होती का, का गाडी होणार हाय?"

"होणार हाय."

"कधी?"

"पाण्याच्या आधी."

"कोणत्या सालच्या?" त्या म्हणाल्या, आणि आत जाऊन भाकरी टाकायला बसल्या.

१९७६चा मे महिना. गाडी उभी राहिली. वरून पाहाल तर जुनीच हेरल्ड. तोच फिका हिरवा रंग, तेच चकचकीत चाकांचे टोप, तोच बारीक आवाजाचा भोंगा. फक्त चार बोटं उंच, आणि मडगार्डं आतून कापलेली. इंजिनाचा दणका ऐकू येऊ नये म्हणून धुराच्या नळीला दोन सायलेन्सर. रविवारच्या बाजाराच्या दिवशी प्रेमदासनं ती स्टेशनरोडवर काढली. मी शेजारी बसलो होतो. मागच्या दोनच चाकांच्या ओढीवर ती अशी सुटली की माझी टोपी मागच्या सीटवर गेली.

"आता चारी चाकं," प्रेमदास म्हणाला आणि गिअरशेजारचा छोटा दांडा पुढं ढकलला.

गाडी कण्हली. दहा-बारा हात गेली आणि बेडकासारखी उड्या मारू लागली. मग खालून घण मारल्यासारखा आवाज झाला, आणि भाजीवाल्यांच्या अगदी मधोमध ती थांबली. तेल वांग्यांच्या ढिगापर्यंत वाहत गेलं. लोक गोळा झाले.

"काय झालं जी ताकसांडे?"

"चारी चाकं ओढणारी केली," मी सांगितलं.

"चार चाकं तं सगळ्याच गाड्यांले असते ना बाप्पा!" कोणीतरी ओरडलं, आणि ते वाक्य पुढं कित्येक वर्षं आमच्या दोघांच्या मागं लागलं.

खोका उघडला तर आतलं गिअर फुटलेलं. दोन दिवस प्रेमदास गाडी पुन्हा सुटी करत होता. तिसऱ्या दिवशी दोन्ही एक्सल उघडून तो दात मोजत बसला. मग मला हाक मारली. पुढच्या एक्सलच्या मोठ्या चक्राला एकोणचाळीस दात होते. मागच्याला त्रेचाळीस. एक महायुद्धातल्या जीपचा, दुसरा नंतरच्या. बाहेरून जुळे भाऊ.

"बंडीले एकीकून बैल आणि एकीकून रेडा जुंपला आपण," तो म्हणाला. "पुढचे चाकं म्हणते मी इतका जाईन, मागचे म्हणते मी तितका. मधातला खोका मेला."

ओमप्रकाशला विचारलं तर त्यानं हात वर केले. "भैया, दोनों आर्मी के थे. दाँत गिनके माल कौन बेचता है?"

पुढचे आठ दिवस आम्ही त्याच्या वाड्यातलं लोखंड उपसलं. एकोणचाळीस दातांचा दुसरा एक्सल मिळेना. आणि प्रेमदासला एकोणचाळीसच हवे होते, कारण त्यावर गाडी डांबरी रस्त्यावर जास्त पळणार होती. शेवटी ओमप्रकाशलाच आठवलं की अशीच एक जीप फोडून मागचा एक्सल त्यानं हिंगणघाटकडे, वडनेरच्या एका शेतकऱ्याला दिला होता. आम्ही एसटीनं वडनेरला गेलो.

चंद्रभान नावाचा तो शेतकरी वावरातच भेटला. त्यानं त्या एक्सलवर रबरी टायरची बैलबंडी बांधली होती आणि ती त्याला फार प्रिय होती. प्रेमदास बंडीखाली उताणा शिरला. चंद्रभान माझ्याकडे पाहत राहिला.

"हे काय करून राह्यले?"

"दात मोजून राह्यले," मी म्हणालो.

"बैलाचे मोजते आमच्याकडे."

खालून प्रेमदास ओरडला, "एकोणचाळीस!" आणि बाहेर येऊन त्यानं चंद्रभानला मिठीच मारली. मग समजावून सांगितलं की अगदी असाच दुसरा एक्सल देतो, जास्त दातांचा, घरपोच आणून बसवून देतो, तुझा मला दे. चंद्रभाननं खूप विचार केला.

"माह्या बैलाले काही फरक पडन का?"

"बैलाले समजणारही नाई."

"मंग नेजो बाबा. पण ज्वारीची भाकर खाल्ल्याबिगर जाजो नको."

तर अशी अदलाबदल झाली, खोक्यात दुसरं गिअर पडलं, आणि मृगाच्या तोंडावर गाडी खऱ्या अर्थानं उभी राहिली. पांदणीवरची पहिली फेरी मी शेजारी बसून पाहिली. सलग चार दिवस पाऊस पडला होता. प्रेमदासनं डांबर सोडताना छोटा दांडा पुढं टाकला, आणि जिथं बैल गुडघ्यावर येतात तिथून ती वकिलांची हेरल्ड भाकरीवर तूप सरकावं तशी सरकली. चारी चाकांनी गारा उडत होता, काच दिसत नव्हती, प्रेमदास खिडकीबाहेर डोकं काढून चालवत होता. नाल्याच्या पलीकडच्या काठावर ती क्षणभर थांबली असं वाटलं. मग मागून कुणी ढकलावं तशी वर चढली.

अण्णाजी पाटील ओसरीवर अडकित्त्यानं सुपारी कातरत होते. गाडी दारात उभी राहिली तेव्हा त्यांनी गाडीकडे पाहिलं नाही, तिच्या मागच्या पांदणीकडे पाहिलं.

"इकूनच आले का?"

"इकूनच."

"आकाशातून असान," अण्णाजी म्हणाले आणि आतून पाणी मागवलं.

सुलोचनाबाईंनी पिशवी भरली, खोलीला कुलूप लावलं आणि गाडीत बसल्या. त्या दिवसापासून त्या रोज सकाळी पुलगावहून निघून शाळेत जायच्या आणि संध्याकाळी घरी यायच्या. नऊ मैलाला पाऊण तास लागायचा. वर्ध्याला जाऊन इंजिनाचा नवा नंबरही गाडीच्या पुस्तकात चढवून झाला. तिथल्या इन्स्पेक्टरांनी बोनेट उघडलं, बराच वेळ नुसतं आत पाहिलं, मग ब्रेक तपासायच्या निमित्तानं स्वतः चालवली आणि अर्धा तास परतच आले नाहीत. परतले तेव्हा फक्त एवढं म्हणाले, "ब्रेक चांगले आहेत."

सत्त्याहत्तरच्या निवडणुकीत गावोगावच्या जीपा सरकारनं धरल्या. तहसीलीसमोर त्यांची रांग लागली होती. त्या रांगेसमोरून प्रेमदास हेरल्ड घेऊन तीनदा गेला. कोणी मान वळवूनही पाहिलं नाही. तो आनंद त्याला पेन्शनपेक्षा मोठा होता.

मला तेव्हा जाणवलं ते हे, की ती दोघं गाडीत बोलायची. घरी शेजारी असायचे, पाहुणे असायचे, मी तर असायचोच. पण पाऊण तास जाताना आणि पाऊण तास येताना फक्त ती दोघं. सोळा वर्षांचं साचलेलं होतं. कधी भांडायचीही. एकदा ती दोघं नाल्यात पाण्याच्या मधोमध गाडी उभी करून कांताला नर्सिंगला घालावं की कॉलेजात, यावर भांडत बसलेली गुराख्यांनी पाहिली.

बाईंनी मात्र बदलीचा अर्ज आधीच करून ठेवला होता. कारण स्पष्ट लिहिलं होतं : पावसाळ्यात रस्ता पूर्णपणे बंद असल्याने कर्तव्यावर हजर राहणे अशक्य होते. अर्ज खरा होता. केला तेव्हा गाडी लिंबाखाली सुटी पडली होती.

सत्त्याहत्तरच्याच ऑगस्टातली गोष्ट. झड लागली होती. सकाळी दोघं निघाली, पांदणीत नाल्याच्या अलीकडे एक सरकारी जीप पोटापर्यंत रुतलेली दिसली. पेट्रोल वाचावं म्हणून तिच्या पुढच्या चाकांची ताकद काढून ठेवलेली होती, हे प्रेमदासनं लांबूनच ओळखलं. जीपशेजारी छत्री धरून एक साहेब उभे होते.

"अहो, थांबा! पुढं नका जाऊ!" साहेब ओरडले. "जीप जात नाही, तुमची ही डबी काय जाणार?"

"बसा साहेब मागं," प्रेमदास म्हणाला. "पायाचा गारा बाहेर झटका फक्त. सीट वकिलाची हाय."

साहेब बसले. बाई पुढं बसलेल्या, मांडीवर हजेरीची वही. त्यांनी मागं वळून विचारलं, "कोणत्या गावाले जाता साहेब?"

"पिंपळधरीला. शाळा तपासायची आहे. न कळवता. तिथल्या बाई पावसाळ्यात फिरकतच नाहीत असं वाटतं. अर्जातच लिहिलंय की हजर राहणं अशक्य होतं."

प्रेमदासचा कान लाल झाला, असं बाईंनी पुढं मला सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "असं का?" आणि हजेरीच्या वहीवर पदर टाकला.

गाडी नाल्यात उतरली. साहेबांनी पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी धरली. पाणी दाराच्या खालच्या कडेपर्यंत आलं, गाडी पलीकडे चढली, आणि साहेब म्हणाले, "काय बसवलंय यात?"

"काही नाई साहेब. जुनी हेरल्ड हाय."

शाळेपाशी गाडी थांबली. घंटा व्हायला वीस मिनिटं होती. बाई उतरल्या, कुलूप उघडलं, पोरांना ओळीत बसवलं, फळ्यावर तारीख घातली आणि मग मागं उभ्या असलेल्या साहेबांकडे वळून म्हणाल्या, "या साहेब. मीच ती बाई."

साहेब मनाचे मोठे होते. ते हसले. दिवसभर बसले, पोरांचे पाढे ऐकले, अण्णाजींकडे जेवले आणि संध्याकाळी त्याच गाडीतून परत आले. जाताना बाईंना हात जोडून म्हणाले, "मी तुमच्याबद्दल असं लिहीन की वरचे लोक वाचत राहतील."

त्यांनी लिहिलंही तसंच. डिसेंबरात अर्जाचं उत्तर आलं. बाईंनी ते माझ्या घरी मला आणि माझ्या बायकोला, अन्नपूर्णेला वाचून दाखवलं. सदर शिक्षिका भर पावसाळ्यातही वेळेपूर्वी हजर असतात, ही बाब कौतुकास्पद आहे. सबब रस्त्याच्या अडचणीचे कारण ग्राह्य धरता येत नाही. अर्ज नामंजूर.

प्रेमदास दाराशी उभा होता. मला हसू आवरेना, म्हणून मी पाण्याचा तांब्या तोंडाला लावला.

"अजी," बाई प्रेमदासला म्हणाल्या, "तुमच्या गाडीनं माही बदली खाल्ली."

"मी तं चांगल्यासाठी केलं."

"मले मालूम हाय तुमी चांगल्यासाठी केलं. म्हणूनच राग येते."

दुसऱ्या दिवशी त्या गाडीत बसल्या नाहीत. छोट्या रेल्वेनं गेल्या, पुढं चार मैल चालल्या आणि पाटलांच्या खोलीत राहिल्या. आठ दिवस. प्रेमदास रोज सकाळी गाडी धुवायचा आणि तशीच उभी ठेवायचा. मी म्हटलं, जा आणि घेऊन ये. तो म्हणाला, "नाई. तिचं बराबर हाय. ते इथं येण्यासाठी अर्ज करत होती आणि मी तिले तिथं पोचवत होतो. मी तिले इचारलंच नाई का तुले काय पायजे."

नवव्या दिवशी शनिवार होता. बाई चालत आल्या, ओट्यावर बसून पाय धुतले आणि म्हणाल्या, "इथून बदली तं होत नाई. मंग मले गाडी शिकवा. तुमच्या भरवशावर किती दिवस जाऊ-येऊ?"

प्रेमदासचं तोंड मी आजही विसरलो नाही. पलटणीत त्यानं कित्येक जवानांना ड्रायव्हिंग शिकवलं होतं, पण त्याची गाडी बायको चालवेल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "बराबर हाय."

फेब्रुवारीत अण्णाजींची ज्वारी निघाली, आणि त्या मोकळ्या वावरात बाई शिकल्या. वावराच्या बांधावर, धुऱ्यावर, गावातल्या बाया बसायच्या. देवकाबाई नावाची एक म्हातारी रोज यायची आणि मोठ्यानं सूचना द्यायची, "उजवीकून घे माय! धुरा आला!" पहिल्या दिवशी बाईंनी तुराट्यांचा ढीग उडवला. तिसऱ्या दिवशी अण्णाजींचं बुजगावणं. दोन आठवड्यांनी त्या सरळ ओळीत मागं घेऊ लागल्या, आणि महिन्याभरानं छोटा दांडा कधी टाकायचा, कधी काढायचा हे त्यांना प्रेमदासपेक्षा बरं समजू लागलं.

"तुमी घाई करता," त्या त्याला म्हणायच्या. "गाऱ्याले ऐका लागते. मग दांडा."

पुढच्या पावसाळ्यापासून बाई एकट्या जाऊ लागल्या. नऊवारीतली मास्तरीण जुन्या हेरल्डमधून पांदण तुडवत जाते हे पाहायला पहिल्या दिवशी रोहणा गावापासून लोक आले होते. येताना कधी गाडीत बाळंतीण असायची, कधी ताप आलेलं पोर, एकदा अण्णाजींच्या आजारी वासराला मागच्या सीटवर घालून आणलं. प्रेमदासनं घरापुढं गॅरेज टाकलं. लोक विचारायचे, तुमची ती हेरल्ड आम्हालाही करून द्या. तो म्हणायचा, कोणती? तिले काय झालं? ते साधी हाय.

सगळी मिळून दहा वर्षं ती गाडी पिंपळधरीला गेली-आली. या दहा वर्षांत तिचं इंजिन एकदा उतरलं, दोन क्लचप्लेटा गेल्या आणि तिसऱ्यांदा रंग दिला तोही त्याच हिरव्यानं. कांता नर्स झाली आणि सेवाग्रामला लागली.

पंच्याऐंशीत पांदणीवर मुरूम पडला, मग गिट्टी, मग डांबर. नाल्यावर पूल झाला. पहिली एसटी आली तेव्हा गावानं तिला हार घातला. अण्णाजींनी हेरल्डलाही एक हार घालायला लावला. आणि पुढच्या उन्हाळ्यात, कोणताही अर्ज केलेला नसताना, बाईंच्या बदलीचा हुकूम निघाला. मुक्काम पुलगाव. शाळा घरापासून दहा मिनिटांच्या पायी वाटेवर.

"घेऊ का?" त्यांनी प्रेमदासला विचारलं.

"घे ना. त्याच्यासाठीच तं एवढं केलं."

तो हे म्हणाला खरा, पण पहिल्या सोमवारी बाई पिशवी घेऊन पायी निघाल्या आणि तो गॅरेजच्या दारात उभा राहून त्यांच्याकडे पाहत होता तेव्हा मला त्याची कीव आली. गाडी कडेला. तिला जायला कुठं नव्हतं. सगळा पावसाळा असाच गेला. तो चिडचिडा झाला, गिऱ्हाइकांवर ओरडू लागला. बाईही गप्पच असायच्या. एक दिवस अन्नपूर्णा मला म्हणाली, "त्यांचं बोलणं बंद झालं. गाडीतच होत होतं ना."

मी ते प्रेमदासला सांगायच्या आधी बाईंनीच तोड काढली. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या त्या दिवशी त्या मागच्या दारानं आमच्याकडे आल्या.

"लक्ष्मणभाऊ, तुमी दोघं आणि आमी दोघं. चिखलदऱ्याले जाऊ. तीस वर्षं झाले लग्नाले, आमी कुठंच गेलो नाई. जिथं गेलो तिथं शाळाच होती."

आम्ही निघालो. बाई चालवत होत्या, शेजारी अन्नपूर्णा, मागं मी आणि प्रेमदास, मांडीवर चिवड्याचा डबा. अमरावती, परतवाडा, आणि पुढं घाट. घाटाच्या पायथ्याशी एक नवी लाल मारुती आमच्या मागं लागली. आत विशीतला एक मुलगा आणि त्याचे मित्र. तो भोंगा वाजवत होता. साहजिकच होतं, पुढं वीस वर्षांची जुनी हेरल्ड आणि ती चालवणारी नऊवारीतली बाई.

"जाऊ दे त्याले," प्रेमदास म्हणाला.

बाईंनी गाडी कडेला घेतली, तो हात हलवून पुढं गेला. पहिल्या वळणापर्यंत बाई त्याच्या मागोमाग गेल्या. दुसऱ्या वळणावर त्यांनी गिअर खाली टाकला. दोन सायलेन्सरांच्या आतून ते जुनं इंजिन घोगरं झालं, आणि चढावर मारुतीचा मागचा भाग मोठा मोठा होऊ लागला.

"सुलोचना," प्रेमदास म्हणाला.

"चिवडा खा."

पुढं रस्त्याचं काम चालू होतं. डांबर उखडून सुटी गिट्टी टाकलेली, आणि तोच सगळ्यात उभा चढ. मारुतीची चाकं गिट्टीवर गरगरली, गाडी आडवी सरकली. बाईंचा हात छोट्या दांड्यावर गेला, क्षणभर थांबला, मग दांडा पुढं गेला. हेरल्ड कडेच्या मुरुमावर दोन चाकं चढवून मारुतीच्या बाजूनं अशी गेली की त्या मुलाचं उघडं तोंड मला खिडकीतून स्पष्ट दिसलं. अन्नपूर्णेनं डोळे मिटले होते. प्रेमदासनं डबा घट्ट धरला होता आणि तो हसत होता, आवाज न करता, खांदे हलवत.

वर चहाच्या टपरीपाशी आम्ही थांबलो. थंडी चांगलीच होती. दहा मिनिटांनी मारुती आली. तो मुलगा उतरला आणि हेरल्डभोवती दोनदा फिरला.

"काकू," तो म्हणाला, "यात काय बसवलंय?"

"काही नाई बापा," बाई म्हणाल्या. "जुनी हेरल्ड हाय. सर्व्हिसिंग बराबर ठेवतो."

त्या चहा सांगायला गेल्या. मुलगा तिथंच उभा, वाकून चाकांच्या आत पाहत होता. प्रेमदासनं एकदा टपरीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. दहा वर्षं त्यानं हे आपणहून कोणालाही दाखवलं नव्हतं. बाई चार कप घेऊन परत येईपर्यंत बोनेट मगरीसारखं उघडं होतं, आणि आत डोकं घालून दोघं एकोणचाळीस दातांबद्दल बोलत होते.